रिकामे ताट

साताऱ्याच्या आमच्या पेठेत ख्रिस्ती घर आमचे एकच. दिवाळी आली की चहूकडून फराळाची ताटे आमच्याकडे येत. आमची करंजी आणि चकली बाहेर पडे ती नाताळात. पण म्हणून शेजारणीचे ताट आईने कधी रिकामे परत केले नाही. फराळ काढून घेतला की ताट पुसून त्यात ती पसाभर तांदूळ घाली. तांदूळ नसले तर साखर, आणि साखरही नसली तर परसातले दोन पेरू. "रिकामं ताट परत गेलं, की आपण नुसते खाणारे झालो," असे ती म्हणे.

तिची दुसरी खोड मला तितकीशी आवडत नसे. चुलीशेजारी तिने पत्र्याचा एक डबा ठेवला होता. भाताला तांदूळ मोजून घेतले, की त्यातलीच एक मूठ त्या डब्यात जायची. वेगळी नव्हे, त्यातलीच! डबा भरला की तो मंडळीला द्यायचा. कापणीच्या सणाला देवळात भोपळे, कोंबड्या, अंडी यांच्याबरोबर आमच्या तांदळाचाही लिलाव होई. ज्या रात्री माझे पोट अर्धे राही, त्या रात्री तो डबा मला चोरासारखा वाटे. पुढे वाचले, की मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका १९१० च्या सुमारापासून अशीच मूठ काढत आल्या आहेत आणि त्या मुठींवर तिथे केवढे तरी काम उभे राहिले आहे. तेव्हा आईबद्दलचा राग थोडा कमी झाला.

मोठेपणी मी त्याच मंडळीचा खजिनदार झालो. कादंबऱ्या लिहिणाऱ्याच्या हाती हिशेबाची वही देऊ नये, हे खरे. पण मास्तर म्हटला की असली कामे त्याच्याच गळ्यात पडतात. आमची मंडळी लहान. कुणी शिपाई, कुणी परिचारिका, चारदोन पेन्शनर. रविवारच्या दानाच्या थैलीत नोटांपेक्षा नाण्यांचाच आवाज अधिक. पाळकांचे मानधन आणि विजेचे बिल जाऊन उरेल त्यातून 'बाहेर पाठवायची दाने' निघत. वहीत त्यांचे एक स्वतंत्र पान होते. मिरजेच्या कुष्ठरुग्णांसाठी काही, बायबल सोसायटीला काही, वसतिगृहातल्या दोन मुलांच्या फीसाठी काही.

२०१६ च्या पावसाळ्यात देवळाची कौले गळू लागली. उपदेश चालू असताना व्यासपीठाशेजारी ठेवलेल्या घमेल्यात टपटप आवाज यायचा आणि पोरे खुदुखुदु हसायची. पंचांच्या बैठकीत मी सूचना मांडली, यंदा बाहेरची दाने बंद, आधी कौले. मास्तरच तो, इतिहासाचे दाखलेही दिले. डॉक्टर वान्लेस १८८९ साली हिंदुस्थानात आले, १८९४ साली मिरजेत इस्पितळ उघडले, त्यासाठी फिलाडेल्फियाच्या कॉन्व्हर्ससाहेबांनी पैसा दिला. ज्या मिरजेला असले दाते मिळाले, तिला आमच्या पाचशे रुपयांचे काय?

कोपऱ्यात एक म्हाताऱ्या नर्सबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, हे देऊळ बांधायला पैसे कुणी दिले?"

"अमेरिकेतल्या मंडळ्यांनी."

"त्यांची कौलं तेव्हा गळत नव्हती, असं तुमच्या इतिहासात कुठं लिहिलंय का?"

सगळे हसले. मग पाळकांनी हळूच रेव्हरंड टिळकांची आठवण काढली. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि याच साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. "परक्याच्या ताटात जेवायचं किती दिवस, हा त्यांचा प्रश्न होता," पाळक म्हणाले. "आपण मिरजेला पाठवतो, त्यानं मिरजेचं फारसं भागत नसेल. पण त्यानं आपण घेणाऱ्यांचे देणारे होतो."

माझी सूचना पडली. घमेले जिथल्या तिथे राहिले. मी रागाने वही दुसऱ्याच्या हाती दिली आणि पुढच्याच वर्षी नोकरीनिमित्त सांगलीला आलो.

कृष्णामाई साताऱ्याजवळच्या माहुलीवरूनच सांगलीला येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती आमच्या घरात आली. आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची खूण ओलांडली. आठवड्याने परतलो, तेव्हा भिंतींना गुडघाभर गाळ होता आणि दोन वर्षे लिहिलेल्या कादंबरीचा लगदा झाला होता. बायको कोरड्या डोळ्यांनी भांडी धूत होती. तिच्याशी बोलायला मला शब्द सापडेनात.

अशा वेळी साताऱ्याहून एक गृहस्थ पाकीट घेऊन आले. आत आठ हजार दोनशे दहा रुपये आणि देणाऱ्यांची यादी. यादीच्या शेवटी लिहिले होते : 'तांदळाच्या लिलावाचे, रु. २१०.' खाली सूचना होती : 'मास्तरांनी आपल्या घराचे भागवून उरलेले गल्लीत वाटावे. जातधर्म विचारू नये.' आणि नर्सबाईंचा निरोप तोंडी आला होता : "कौलं अजून गळतात, पण पाणी तुमच्याकडं जास्त झालं म्हणं."

मी मान खाली घालून पाकीट घेतले. आजवर देण्याघेण्यावर मी पुष्कळ बोललो होतो. घेणे म्हणजे काय, ते त्या दिवशी कळले. गल्लीत सहा घरांना अंथरुणे आली, पोरांना वह्या आल्या. पण रात्री झोप येईना. आईचे ताट डोळ्यांपुढे यायचे.

दिवाळीपर्यंत घर सावरले. गॅसच्या ओट्यावर आम्ही एक डबा ठेवला. नाताळात त्यातले आणि थोडे पदरचे मिळून एक हजार रुपये मी साताऱ्याला पाठवले. 'कौलांसाठी' असे ठळक अक्षरांत लिहून.

आठवड्याने पत्र आले. 'रक्कम पोचली. आभारी आहोत. मिरजेची रक्कम यंदा कमी पडत होती, ती त्यातून पुरी केली. कौलांचे पुढच्या पावसाळ्यात बघू.'