कॅम्पवाले खालू

आमच्या खालूंचं खरं नाव मोहल्ल्यातल्या अर्ध्या लोकांना त्यांच्या जनाज्याच्या दिवशी कळलं. मशिदीतून ऐलान झालं तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, "कोण?" मग कुणीतरी म्हणालं, "अरे, कॅम्पवाले!" त्यानंतर गल्लीत उभं राहायला जागा उरली नाही.

कॅम्प म्हणजे देवळाली कॅम्प. नाशिककर नुसतं कॅम्प म्हणतात. खालू तिथे फौजेचे कपडे शिवायचे. सरकारी नोकर नव्हते, वर्दी नव्हती, पेन्शनही नव्हती. आधी एका उस्तादांच्या दुकानात काजं-बटणं केली, मग तिथेच मास्टर झाले. एकूण चाळीस वर्षं. सकाळी शालिमारहून बस, हातात डबा, मगरिबच्या सुमारास परत. उस्तादांनी अनेकदा सांगितलं, कॅम्पातच खोली घे, जाण्या-येण्याचा वेळ वाचेल. यांनी घेतली नाही. आमच्या खालांचं माहेर जुन्या नाशकात, त्यांची म्हातारी आई तिथे, आणि खालूंना रात्रीचं जेवण सगळ्यांबरोबर एका दस्तरखानावर बसून लागायचं. रोजचे दोन तास त्यांनी त्यासाठी दिले.

देवळालीबद्दल एक गंमत मला बीएड झाल्यानंतर वाचनात मिळाली. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातली मुदत संपलेले गोरे शिपाई परतीच्या जहाजासाठी इथल्या छावणीत थांबायचे. कधी कधी महिनोन् महिने. काम नाही, घर लांब, वर उकाडा आणि हिवताप. काहींची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत 'डूलाली टॅप' असा शब्द रूढ झाला आणि नुसतं 'डूलाली' म्हणजे वेडसर, हा अर्थ आजही इंग्रजी शब्दकोशात सापडतो. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप, उर्दूतला 'तप'. भाषा शिकवणाऱ्या बाईला यापेक्षा मोठा खजिना काय मिळणार! मी धावत जाऊन खालूंना सांगितलं. ते खूप हसले. मग म्हणाले, "घर नहीं जाने मिलेगा तो आदमी पागल होगाच ना, बेटा."

फाळणीनंतर भारताचं तोफखान्याचं स्कूल देवळालीत होतं. त्याच काळात सिंधी निर्वासितांची छावणीही इथे होती. खालूंचे पहिले उस्ताद मुसलमान, शेजारचा कापडवाला सिंधी, समोरचा इस्त्रीवाला उत्तरेकडचा, आणि गिऱ्हाईक अख्ख्या देशातलं. दुपारी लांबवर सरावाच्या तोफा सुरू झाल्या की मशीनवरची कात्री थरथरायची, असं ते सांगायचे. नव्या पोराची सुई बोटात जायची. जुन्यांना काही वाटायचं नाही.

खालू उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. देवनागरी त्यांना येत नव्हती. छातीवरच्या नावाच्या पट्ट्या तर देवनागरीतही भरून द्याव्या लागायच्या. सुरुवातीला चिठ्ठीवरचं अक्षर ते नक्षीसारखं बघून उतरवायचे. यादव, थापा, सिंह, नायर. हळूहळू नक्षीतून अक्षर सुटं व्हायला लागलं: सिंहातला 'स' तोच सावंतातला. अशी त्यांची बाराखडी आडनावांवर पूर्ण झाली. फक्त एक अक्षर अडलं. एका कांबळे नावाच्या हवालदाराचा शर्ट त्यांनी 'कांबले' असा भरून दिला. तो माणूस दुसऱ्या दिवशी परत आला, रागावला नाही, पण म्हणाला, "मास्टर, माझ्या बापाचं नाव आहे, नीट लिहा." आणि खडू घेऊन टेबलावर मोठा 'ळ' काढून दाखवला. खालूंनी ती पट्टी उसवून नव्याने भरली, पैसे घेतले नाहीत.

हा 'ळ' मग आमच्या घरात आला. मी उर्दू माध्यमातली. आमच्या उर्दूत हा आवाजच नाही, त्यामुळे शाळेला 'शाला' आणि फळाला 'फल'. खालू रात्री जेवणानंतर आम्हा पोरांना ओळीने बसवायचे आणि जीभ उलटी वळवून 'कांबळे, काळे, साळुंके' म्हणून घ्यायचे. चुकेल त्याने सगळ्यांना पाणी द्यायचं. माझी मराठी तिथून सुरू झाली. पाठ्यपुस्तक फार नंतर आलं.

बीएडला पाठ घ्यायचे तर शैक्षणिक साधनं लागतात. इतर मुली बाजारातून तक्ते आणायच्या. माझी फीच खालूंनी दोन हप्त्यांत भरली होती, त्यामुळे वरखर्चाचं तोंड कसं काढणार? त्यांनीच विचारलं, "पढाने को क्या क्या लगता?" मी सांगितलं. चौथ्या दिवशी त्यांनी एक कापडी तक्ता आणला, जाड हिरव्या ड्रिलचा, वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षरासाठी एक खिसा, खिशाला दुहेरी शिलाई. 'ळ'चा खिसा मुद्दाम मोठा. तो तक्ता मी आजही सुलभभारतीच्या तासाला वर्गात लावते. दोन वेळा रंग विटला, शिलाई मात्र कुठे उसवलेली नाही.

उरलेल्या कातरणांच्या गोधड्या खाला शिवायच्या. आमच्या खानदानातली सगळी पोरं खाकी आणि हिरव्या ठिगळांखाली झोपून मोठी झाली. ईदच्या आधी पंधरा दिवस खालू कॅम्पातून येऊन रात्री घरचे कपडे शिवायचे. विधवा फुफीच्या मुलांचे आधी, मग भाच्या-पुतण्यांचे, स्वतःच्या मुलांचे शेवटी. स्वतःचा कुर्ता चाँदरातीला झाला तर झाला. मुलांनी कधी तक्रार केली नाही असं मी म्हणणार नाही. मोठा मुलगा एका ईदला रुसून जेवला नव्हता.

आता मुद्द्याचं. खालू गेल्यावर भेटायला आलेल्या काही भल्या माणसांनी सुचवलं की एक फ्लेक्स लावू: 'फौजेची चाळीस वर्षं सेवा करणारे सच्चे देशभक्त'. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. सध्याच्या दिवसांत असं एक वाक्य भिंतीवर असलं की बरं, एवढंच. पण मला ते पटलं नाही, आणि खालूंनाही पटलं नसतं, हे मी खात्रीने सांगते. एका मेजरसाहेबांनी बदली होताना त्यांच्याबरोबर फोटो काढून, फ्रेम करून दिला होता. १९९२च्या डिसेंबरात बाबरी पडली, वातावरण तंग झालं, तेव्हा खालांनी तो फोटो दर्शनी दाराशी लावा म्हणून हट्ट धरला. बसने जाताना पिशवीत तरी ठेवा म्हणाल्या. खालूंनी तो ट्रंकेत, खालांच्या निकाहाच्या दुपट्ट्याखाली ठेवला आणि म्हणाले, "ये दोस्ती का फोटो है, दाखला नहीं."

त्यांना फौजेबद्दल प्रेम नव्हतं असं नाही. १९९९ला कारगिलची लढाई चालू होती तेव्हा ते रोज रात्री रेडिओ कानाशी लावून बसायचे, कारण त्यांनी ज्यांची मापं घेतली होती ती पोरं तिकडे असतील असं त्यांना वाटायचं. छाती ३८, बाही साडेतेवीस, असं आठवून सांगायचे. त्या मापांची काळजी त्यांना होती. पण शिलाईचे पैसे ते मोजून घ्यायचे, आणि हिशेब तिथे संपायचा. आपण इथले आहोत हे कुणाला सिद्ध करून दाखवायचं असतं, ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती. फ्लेक्स आम्ही लावला नाही.

सामान आवरताना त्यांच्या मापाच्या वह्या निघाल्या. एक वही घरच्यांची आहे, आकडे उर्दू, नावं देवनागरीत. माझं पान आठव्या वर्षापासून बीएडच्या वर्षापर्यंत. निकाहाच्या जोड्याचं माप खालांच्या अक्षरात, कारण ते खालांनी घेतलं. खालूंच्या स्वतःच्या नावाचं पान त्यात नाही. वही खालांकडेच राहिली. मशीन कुणी न्यायचं यावर तिन्ही मुलांचं अजून ठरलेलं नाही, आणि खाला रोज सकाळी त्याला तेल घालतात.