ओळख पटल्यानंतर

अंतर्गत मूल्यमापनाचे गुण संगणकावर भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. आलेल्या ईमेलमध्ये थेट दुवा होता : द्वितीय वर्ष, मराठी, 'ब' तुकडी. दुव्यावर टिचकी मारली, तर लॉगिनचे पान समोर आले. नाव लिहिले, पासवर्ड दिला. दार उघडले, पण मी पोहोचले ती थेट मुखपृष्ठावर. तिथून एकेक यादी उलगडत एका तुकडीपाशी आले. पडद्यावर नावे नव्हती, नुसते हजेरी क्रमांक होते. गुण भरून मी मोकळी झाले.

ती तुकडी 'अ' होती. हे कळले ते दोन दिवसांनी, 'ब' तुकडीतील एक विद्यार्थिनी दारात उभी राहिली तेव्हा. तिच्या क्रमांकापुढे 'अनुपस्थित' असे आले होते. "मॅडम, मी तोंडी परीक्षेला आले होते ना?" तिने विचारले. त्यात तक्रार नव्हती. नोंदीपुढे तिला स्वतःच्या आठवणीचीच शंका येऊ लागली होती, आणि हेच मला अधिक लागले.

संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याला मी हा प्रकार सांगितला. तो म्हणाला, "मॅडम, चूक तुमची आहे, पण निम्मी आमचीही." त्याने समजावले ते असे : वाटेत अडवणाऱ्या लॉगिनच्या पानाने, आलेला माणूस कुठे निघाला होता ते टिपून ठेवायचे असते. बहुधा तो पत्ता लॉगिनच्या पत्त्यालाच शेपटासारखा जोडतात. 'जँगो' ह्या प्रणालीत त्या शेपटाचे नाव 'नेक्स्ट' असे आहे. ओळख पटली की माणसाला तिथेच पोहोचवायचे. शेपूट नसेल, तर प्रोग्रामरने ठरवलेल्या ठिकाणी. आमच्या प्रणालीने बहुधा शेपूट कधी पाहिलेच नव्हते. शिक्षक असो वा विद्यार्थी, सर्वांची रवानगी मुखपृष्ठावर.

"मग सगळेच असे का करीत नाहीत?" मी विचारले.

"कारण शेपटावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही."

कोणी भामटा खऱ्या संकेतस्थळाच्या दुव्याला आपल्या पानाचा पत्ता जोडून पाठवतो. माणूस खऱ्या दारात खरा पासवर्ड देतो, आणि ते दारच त्याला भामट्याच्या ओसरीवर नेऊन सोडते. तिथे हुबेहूब तसेच पान म्हणते : पासवर्ड चुकला, पुन्हा द्या. वेब-सुरक्षेचे काम करणाऱ्या 'ओवास्प' ह्या संस्थेच्या २०१० आणि २०१३ च्या दहा प्रमुख धोक्यांच्या याद्यांत अशा न तपासलेल्या रवानगीला दहावे स्थान होते. म्हणून पत्ता आपल्याच संकेतस्थळाच्या आतला आहे ना, हे पाहूनच पाठवावे. नसेल, तर मुखपृष्ठ बरे. लक्षात ठेवावे, पण पडताळूनही पाहावे, असा हा दुहेरी धर्म आहे.

हे ऐकताना वर्गात शिकवलेले 'शाकुंतल' मनात आले. 'अभिज्ञान' म्हणजे ओळखीची खूण. शकुंतला दरबारात येते ती कुठे आणि कशासाठी आलो हे पक्के ठाऊक असताना. पण अंगठी हरवलेली, म्हणून ओळखच पटत नाही. माझे नेमके उलटे झाले होते. माझी ओळख क्षणात पटली. विसर पडला तो माझ्या येण्याच्या प्रयोजनाचा. आणि त्या विसराचा भुर्दंड पडला तो दाराशी कधी न आलेल्या तिसऱ्याच व्यक्तीला.

दोन्ही तुकड्यांच्या गुणांच्या दुरुस्तीसाठी मी अर्ज केला. चूक माझी असल्याचे त्यात स्पष्ट लिहिले, आणि शेवटी एक विनंती जोडली : दुव्यावरून आलेल्यास, पत्ता तपासून, त्याच पानावर पोहोचवावे. गुण यथावकाश दुरुस्त झाले. विनंतीचे उत्तर अद्याप आलेले नाही.

त्या मुलीला मात्र मी तेवढा काळ थांबवले नाही. त्याच दुपारी कपाटातून तोंडी परीक्षेचा हजेरीपट काढला आणि तिच्या क्रमांकापुढची तिचीच सही तिला दाखवली.