गाडी घेण्याआधी

कळमनुरी

चि. विलास,

व्हीलचेअरवरच्या पेशंटना नांदेडला नेण्यासाठी तू व्हॅन घेतोयस, असं वहिनींकडून कळलं. धंदा चालेल. एसटी आम्हा दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत देते; पण खुर्चीसकट वर चढायचं कसं, याचं उत्तर सवलतीत नाही. दोघं-तिघं उचलतात. भली माणसं असतात, पण कुठं धरायचं ते विचारत नाहीत. तू विचारत जा.

खुर्चीच्या ब्रेकवर विसंबू नकोस. वारंगाफाट्याजवळ एका भाड्याच्या गाडीनं करकचून ब्रेक मारला. माझी चाकं लॉक होती, तरी खुर्ची मला घेऊन घसरत पुढच्या सीटवर आदळली. खुर्चीचं तोंड पुढं ठेवून चार पट्टे लावायचे, दोन पुढून, दोन मागून, तेही सांगाड्याला. चाकाला किंवा हाताच्या दांडीला बांधशील तर झटक्यात निखळेल. माणसाला वेगळा पट्टा, कमरेच्या हाडावरून आणि खांद्यावरून. पोटावर नको. पट्ट्यांचे हूक नुसत्या पत्र्यात ठोकू नकोस, आणि आरटीओच्या मंजुरीशिवाय काहीच बदलू नकोस.

खुर्ची चढवायच्या उताराचं गणित इमारतीत एकास बारा धरतात. गाडीचा तळ दीड फूट उंच असेल तर 18 फुटांची फळी लागेल! ती कुठून आणणार? तुझा उतार खडाच असणार, म्हणून माणसं दोन ठेव आणि उतरवताना खुर्ची पाठमोरी घे.

जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं का असावं ते सांगतो. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबई विमानतळावर ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ दगावले. नवरा-बायकोत खुर्ची एकच मिळाली, ते बायकोबरोबर चालत निघाले. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएनं एअर इंडियाला 30 लाखांचा दंड केला. चुकलेल्या कर्मचाऱ्यांवर काय कारवाई केली, हेही कंपनीनं कळवलं नव्हतं, असा ठपका ठेवला. आपल्या रस्त्यावर हे विचारणारं कोण आहे? म्हणून वही तूच ठेव: पट्टे कुणी बांधले, त्याची रोज सही. दारावर तुझा नंबर मोठा लिही, ड्रायव्हरचा नको.

शोरूमला जाताना टेप ने. खुर्चीत बसल्यावर मी जमिनीपासून सव्वाचार फूट भरतो. गाडीच्या तळापासून छत त्याहून खाली असेल तर ती गाडी घेऊ नकोस.

तुझा,
काका