खडेबाजारामागची काळोखी खोली

बेळगावच्या खडेबाजारातून एका अरुंद बोळात वळले, की शाई आणि रॉकेलचा वास येतो. तिथे स्क्रीन प्रिंटिंगचे एक जुने दुकान आहे. लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या मराठीत छापतात, तशा कानडीतही. दुकानाच्या मागे काळा पडदा लावलेली छोटी खोली आहे. मालक तिला ‘कत्तले कोणे’ म्हणतात. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही.

आता दुकानातली बहुतेक कामे संगणकावर होतात. पण ही डार्करूम अजून मोडलेली नाही हे कळले, तेव्हा मी अज्जीची निगेटिव्ह घेऊन गेलो. अज्जी म्हणजे आईची आई, गोकाककडची. तिचा १९६६ सालचा हा एकच फोटो उरला आहे. त्यात तिच्या नाकात मुगुती आहे. पुढे आईच्या कॉलेजच्या फीसाठी ती मोडली.

फोटोत करड्या रंगाच्या असंख्य छटा असतात. स्क्रीनमधून मात्र शाई उतरते किंवा उतरत नाही. म्हणून एका फोटोच्या तीन फिल्म करायच्या. तांबड्या दिव्यात काकांनी एन्लार्जरखाली लिथ फिल्म ठेवली. तिच्यावर उमटते ते गडद काळे, बाकी सारे पारदर्शक. पाच सेकंदांच्या फिल्मवर केस, डोळे, लुगड्याचा काठ एवढेच आले. दहा सेकंदांच्या फिल्मवर गालाची सावलीही आली. विसाच्या फिल्मवर चेहरा भरला.

“सर, पंचवीस देऊ या काय? कपाळ पण भरेल.”

“मुगुती राहील का?”

“न्हाई. बुजणार. विसाला तेवढी पांढरी राहतीया बघा.”

“मग वीसच असू द्या, काका.”

तीन फिल्मसाठी तीन फ्रेम. ताणलेल्या कापडाला बायक्रोमेट घातलेले इमल्शन लावून वाळवायचे, फिल्म ठेवून प्रकाश द्यायचा. उजेड लागतो तिथे थर घट्ट होतो. फिल्मच्या काळ्या भागाखालचा थर मऊच राहतो आणि पाण्याने धुऊन जातो. तिथूनच शाई पडते. आधी विसाच्या फिल्मची फिकट शाई, ती वाळल्यावर दहाची मध्यम, शेवटी पाचाची गडद. कोपऱ्यांतल्या खुणा जुळल्या नाहीत, तर डोळे एकीकडे आणि चेहरा दुसरीकडे.

संगणक हेच काम क्षणात करतो. पण चेहऱ्यातले काय राखायचे, हे त्यालाही घरच्या माणसानेच सांगावे लागते. आईने छापलेले चित्र हातात घेतले आणि बोट ठेवले ते मुगुतीवरच. तिथे शाई नाही, नुसता कोरा कागद आहे.

घरोघरी ट्रंकेत अशा निगेटिव्ह पडून असतील. त्या एकमेकींना चिकटण्याआधी कोऱ्या कागदाच्या पाकिटात वेगवेगळ्या ठेवा. आणि त्यांत कोण आहे, अंगावर काय आहे, ते सांगणारे माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.