त्रिकोणाचे टोक

पोशेरा (ता. मोखाडा) येथील स्नेही सुतारबंधूंस,


सागवानी फळीवर हेदूच्या पिवळसर लाकडातले वारली आकार जडवण्याचा आपला विचार पत्रातून कळला आणि अतिशय आवडला. जडावकाम, म्हणजे एका लाकडात खाच कोरून तिच्यात दुसऱ्या रंगाचा तुकडा बसवणे, मिरजेचे तंबोरे घडवणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या हातानेच करत आले आहेत. परंतु एकच आकार अनेकदा काढायचा असेल, तर रूटर, फर्मा (हवा तो आकार आतून कापून काढलेली पातळ फळी) आणि गाईड बुश हे त्रिकूट उपयोगी पडते.

गाईड बुश ही रूटरच्या तळाला बसणारी पितळी नळी असून तिच्यातून कटर खाली उतरतो आणि ती फर्म्याच्या कडेला घासत फिरते. जडावाच्या संचात बुशचा बाहेरचा व्यास ७.९४ मि.मी., तिच्यावर चढणाऱ्या सुट्या रिंगचा १४.२९ मि.मी. आणि कटरचा ३.१८ मि.मी. असतो, म्हणजे रिंगची जाडी कटरच्या व्यासाएवढीच भरते, आणि सगळी करामत याच बरोबरीत आहे. रिंग चढवून खाच कोरली की खाचेची कड फर्म्यापासून ५.५६ मि.मी. आत येते, रिंग काढून त्याच फर्म्याने तुकडा कापला की कटरच्या आतल्या अंगाला उरणाऱ्या तुकड्याची कडही नेमकी तेवढीच आत येते. खाच कोरताना रूटर मध्याकडे सरकला तरी बिघडत नाही, कारण तिथले लाकूड काढायचेच असते. तुकडा कापताना मात्र बुश क्षणभरही कडेपासून सुटली, तर कटर थेट तुकड्यात घुसतो.

वारली आकृतीत खरी अडचण त्रिकोणाची आहे. ६० मि.मी. बाजूच्या समभुज फर्म्यातून सुमारे ४१ मि.मी. बाजूचा तुकडा मिळतो, म्हणून फर्मा आधीच मोठा आखावा लागतो. तुकड्याची टोके अणकुचीदार येतात, पण कटर गोल असल्याने खाचेचे प्रत्येक टोक सुमारे १.६ मि.मी. अलीकडेच थांबते, आणि तेवढे लाकूड धारदार पटाशीने काढावे लागते. तुकड्याचीच टोके गोल करणे सोपे असले तरी ते टाळावे, कारण वारली माणसाची कंबर म्हणजे दोन त्रिकोणांची टोके जिथे भिडतात तो बिंदू, आणि तो बोथट झाला की आकृतीचा डौलच जातो. त्या अरुंद जागेतून रिंग जाऊ शकत नाही, म्हणून दोन्ही त्रिकोण वेगवेगळेच कोरावेत.

मोखाड्याच्या पावसात लाकूड आडव्या अंगाने फुगते, तेव्हा फळी आणि तुकडा दोन्ही पूर्ण वाळलेले घेऊन दोन्हींच्या लाकडाच्या रेषा एकाच दिशेने ठेवाव्यात. खाच तुकड्याच्या जाडीपेक्षा किंचित उथळ ठेवावी, म्हणजे सरस सुकल्यावर वर राहिलेला भाग रंध्याने फळीशी सपाट करता येतो.