ट्रॉली घ्यायची, पण कशासाठी?

घरी ट्रॅक्टर येतो तेव्हा त्याची पूजा होते, पेढे वाटले जातात, किती हॉर्सपॉवरचा म्हणून शेजारीपाजारी चौकशी करतात. त्याच्या मागे जोडायच्या ट्रॉलीकडे मात्र कुणाचे फारसे लक्ष नसते. शेजाऱ्याकडे आहे तशी किंवा वर्कशॉपमध्ये तयार उभी असेल ती, असा तिचा सौदा होतो. पण उतारावर, वळणावर आणि अंधारात घरच्यांचा जीव या ट्रॉलीवरच अवलंबून असतो, हे आपण विसरतो.

परभणी जिल्ह्यातल्या माझ्या माहेरी गेल्या दिवाळीत याच विषयावर चर्चा चालली होती. दादाला मोठी चारचाकी ट्रॉली हवी होती. शेजारच्या शिवारातला एक शेतकरी तसल्या ट्रॉलीतून साखर कारखान्याला ऊस पोहोचवतो आणि हंगामात चार पैसे मिळवतो. दादाच्या डोळ्यांसमोर तेच होते. वहिनी काही वेळ ऐकत राहिली, मग आतून हिशेबाची वही घेऊन आली.

"अहो, आपल्याकडे ऊस आहे का?" तिने विचारले. वर्षभरात भाड्याने आणलेल्या ट्रॉलीच्या फेऱ्या तिने वहीत मांडल्या होत्या. निम्म्याहून जास्त फेऱ्या शेणखताच्या होत्या. बाकीच्या सोयाबीन आणि तूर मोंढ्यावर नेण्याच्या, थोड्या कडब्याच्या आणि दोन मुरमाच्या. ट्रॉली निवडायची तर अशा वहीपासूनच सुरुवात करायला हवी, असे मला तेव्हा वाटले.

दोन चाके की चार?

दोनचाकी ट्रॉलीचा काही भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. त्यामुळे ट्रॅक्टरची मागची चाके जमीन घट्ट धरतात आणि ओल्या शेतात ती कमी घसरतात. बांधावर वळवायला आणि मागे घ्यायला ती सोपी. मात्र माल मागच्या बाजूला जास्त भरला, तर ती हुक वर उचलते आणि ट्रॅक्टरची पकड सुटते. चारचाकी ट्रॉली स्वतःचा भार स्वतः पेलते, सोडल्यावर टेकू न लावता उभी राहते. लांब पल्ल्याच्या, सपाट रस्त्यावरच्या जड वाहतुकीला ती चांगली. पण तिचा पुढचा आस हुकाबरोबर फिरतो, त्यामुळे ती मागे घेताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

शेणखत आणि मुरूम नेणाऱ्यांनी हायड्रॉलिक जॅकवर उचलणारी, म्हणजे टिपिंग ट्रॉली घ्यावी. तिची किंमत जास्त असते, पण दोन माणसांचे फावड्याचे काम एका दांड्यावर होते. ती रिकामी करताना जमीन सपाट हवी. वर उचललेल्या हौद्याखाली भक्कम टेकू लावल्याशिवाय कुणीही डोके घालू नये. ज्यांचा माल पोत्यांतूनच जातो, त्यांना साधी ट्रॉली पुरते.

हौदा भरला म्हणजे वजन कळले असे नाही

१० फूट लांब, ६ फूट रुंद आणि २ फूट उंच हौद्यात १२० घनफूट माल मावतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि एवढ्या वाळूचे वजन साधारण साडेचार टन भरते. म्हणजे हाच हौदा वाळूने काठोकाठ भरला, तर पाच टनांच्या वर ओझे होते. शेणखत त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि कडब्याने तर हौदा भरून वाहिला तरी वजन किरकोळ. ४०-४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास असतो. तो पाच टन ओढेल, पण थांबवेल का?

खेड्यातल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. उतारावर सगळे ओझे ट्रॅक्टरला मागून ढकलते. म्हणून शक्य असेल तर ब्रेक असलेलीच ट्रॉली घ्यावी आणि उतार कमी गिअरमध्येच उतरावा, न्यूट्रल कधीही करू नये. हुकाची पिन, तिची क्लिप आणि सुरक्षेची साखळी, मागचे लाल रिफ्लेक्टर आणि दिवे, टायरांची अवस्था हे सगळे रंगाआधी पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रॉलीही मोटार वाहनातच मोडते. तेव्हा तिची आरटीओकडे नोंदणी आणि विमा यांची कागदपत्रे मागून घ्यावीत.

माणसे बसवायची नाहीत

दादाने अखेर दोनचाकी टिपिंग ट्रॉली ठरवली. पण खरा वाद पुढेच होता. खुरपणीला आणि काढणीला बायका आणायच्या कशा? "सगळं गाव ट्रॉलीतूनच नेतं," दादा म्हणाला. वहिनीने उत्तर दिले, "त्या बायकांत मीही असते. मला कशात बसवणार?"

दादा गप्प झाला. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची ट्रॉली तळ्यात उलटली आणि पंचवीसहून अधिक जण गेले. त्यात बहुतेक बायका आणि मुले होती. २०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्याच नांदेड जिल्ह्यात, हळदीच्या कामाला निघालेल्या मजूर बायकांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला, सात जणी दगावल्या. ट्रॉलीला ना बसायला जागा असते, ना धरायला आधार. ती मालासाठी असते, माणसे बसवणे नियमाविरुद्ध आहे, आणि अपघात झाल्यावर विम्याची भरपाई मिळणेही कठीण होऊन बसते.

आता आमच्याकडे कामाच्या दिवसांत मजुरांसाठी भाड्याची रिक्षा येते. तिचे पैसे दादाला खटकतात, तो तसे बोलूनही दाखवतो. वहिनी ती रक्कम मजुरीच्या खर्चात लिहिते आणि पान उलटते.

तुमच्या घरी ट्रॉलीचा विचार चालला असेल, तर आधी वर्षभराच्या फेऱ्या कागदावर मांडा. रोजचा माल, रोजचा रस्ता आणि ट्रॅक्टरची थांबवण्याची ताकद बघून ठरवा. आणि या चर्चेत घरातल्या बाईला जरूर बसवा, कारण त्या ट्रॉलीत काय भरले जाते आणि कोण बसते, हे बहुधा तिलाच सगळ्यांत नीट ठाऊक असते.