फणसाचा पिवळा

आजऱ्याकडचं आमचं आजोळ पाडलं, तेव्हा अम्मीने हिश्श्यात काहीच मागितलं नाही. मामूच्या मुलांना स्लॅबचं घर हवं होतं आणि ते रास्तच होतं, दर पावसाळ्यात कौलं चाळायची कुणी? तिने फक्त माजघराच्या चौकटीचा हातभर तुकडा मागून घेतला. फणसाची चौकट. पिढ्यांच्या धुराने आणि हातांच्या घामाने ती कोऱ्या चहासारखी काळपट झाली होती.

माझी पुतणी डी.एड.ला गेली आहे, उर्दू माध्यमातून. आमच्या खानदानात माझ्यानंतर हा उद्योग करणारी ती एकटीच. अम्मीचं म्हणणं, त्या तुकड्याचा तिच्यासाठी कलम करायचा. "और उसकू पीलाच रखना," हे वर. मी म्हटलं, हे लाकूड तर काळं आहे. त्यावर तिने सांगितलं की ती लहान असताना सुतार दार दुरुस्त करायला आला होता. त्याच्या रंध्याखालून पडलेल्या पिवळ्याजर्द ढलप्या तिने आणि खालाने पाण्यात उकळल्या आणि बाहुलीची ओढणी रंगवली. तोच रंग तिला हवा होता.

ही नुसती बालपणीची गंमत नव्हे. फणसाच्या गाभ्यात मोरिन नावाचं पिवळं रंगद्रव्य असतं. थायलंडमधले अरण्यवासी भिक्खू आपली चीवरं याच लाकडाच्या ढलप्या उकळून रंगवत आले आहेत.

उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या टर्नरकडे तुकडा नेला. एरवी तो पितळी बुश कातणारा माणूस. "सर, लाकूड लेथला लावू म्हणताय?" म्हणून हसला, पण लावला. मधोमध भोक पाडून आत पितळेची बारीक नळी चिकटवायची आणि मग बाहेरून कातत जायचं. वरचा काळा थर दोनच मिनिटांत गेला आणि आतून हळदीसारखा रंग निघाला. सगळं दुकान गोळा झालं. पेन कातून झाल्यावर उरलेले चार ठोकळे मी मागून घेतले, कारण खरी अडचण इथून पुढेच होती.

लाकडाचा रंग पॉलिशने टिकतो असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. रंग बदलतो तो मुख्यतः उजेडाने आणि हवेने. पॉलिश पारदर्शक असेल तर उजेड त्यातून आत जाणारच. शिवाय काही पॉलिशं स्वतःचाच रंग चढवतात. अळशीचं तेल लावलं की लाकूड ओलं केल्यासारखं गडद होतं आणि तेल पुढे आणखी पिवळट-तपकिरी होत जातं. शिसवाला ते शोभतं, फणसाला नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं कितीही वर्षांनी टवटवीत दिसतात, पण तो रंगाचा थर. खालचं लाकूड कुणाला दिसतच नाही.

मग मिरज आठवली. कोल्हापुरापासून तासा-दीड तासावर. तिथल्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सोडून तंतुवाद्यं करायला घेतली. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची ती मऊ चकाकी म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापडाच्या पुरचुंडीने पातळ-पातळ हात देत चढवलेली. बाजारात मिळणारा चपडा तांबूस असतो, त्याने पिवळ्यावर नारिंगी झाक येते. म्हणून विरंजन केलेली पांढरी लाख घ्यायची आणि तीही ताजी भिजवलेली. जुनं द्रावण नीट कडक होत नाही, चिकट राहतं.

स्पिरिटचं नाव ऐकताच अम्मीचे कान टवकारले. "यानी दारूच ना? उससे बिस्मिल्ला लिखेगी पोरगी?" हे प्यायचं नसतं, विषारी केलेलं असतं आणि उडून जातं, हे मी समजावलं. मुलाच्या बी.एड.वर तिचा फार विश्वास नाही. तिने मशिदीतल्या मौलानांना फोन लावला. सुकल्यावर काही उरतं का, एवढंच त्यांनी विचारलं. उरत नाही म्हटल्यावर त्यांनी हरकत घेतली नाही.

शिक्षक असल्यामुळे प्रयोग केल्याशिवाय राहवेना. एक ठोकळा कोरा, एकाला अळशीचं तेल, एकाला पांढरी लाख आणि वरून मधमाशीचं मेण, एकाला पाण्यातलं ॲक्रिलिक पॉलिश, ज्यात उन्हातली अतिनील किरणं अडवणारं द्रव्य असतं. प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या कागदाने गुंडाळला आणि चारही खिडकीत ठेवले. लाखेचा पहिला हात देताना पुरचुंडी पिवळी झाली, कारण हा रंग स्पिरिटमध्येही उतरतो. म्हणून पहिले दोन हात न घासता भरभर फिरवून सोडायचे.

दोन महिन्यांनी कागद काढला. कोरा ठोकळा उघड्या बाजूने तपकिरी झाला होता. तेलाचा पहिल्या दिवसापासूनच गेला होता. लाखेचा मधासारखा झाला होता. ॲक्रिलिकचा सगळ्यांत कमी बदलला होता, पण बदलला होताच. कागदाखाली मात्र चारही ठोकळ्यांत उन्हाने काही केलं नव्हतं. म्हणजे पिवळा खरोखर टिकवायचा तर पेन डबीत बंद ठेवायचा.

चारही ठोकळे अम्मीपुढे मांडले. ॲक्रिलिकचा तिने उचलला, अंगठ्याने चोळला आणि "पिलाश्टिक लगताय" म्हणून बाजूला ठेवला. ते खरंही आहे, त्या थरामुळे हाताला लाकूड लागतच नाही. लाखेला दुखणी आहेत. घामाने ती झिजते आणि सॅनिटायझरचा हात लागला तर चिकटून डाग पडतो, कारण त्यातही अल्कोहोलच. पण डाग पडला की पुन्हा एक पातळ हात दिला तर नवा थर जुन्यात विरघळून मिसळतो. प्लास्टिकचा थर उडाला तर सगळा खरवडून काढावा लागतो.

"डब्बे में रखने का क्या कलम? लिखने दे उसकू," अम्मी म्हणाली आणि लाखेच्या ठोकळ्याकडे बोट केलं.

लाखेचे सहा हात दिले, दोन हातांत एकेक दिवस सोडून. वर मेण. ईदच्या दिवशी पुतणीला पेन दिला, तेव्हा तो झेंडूसारखा पिवळा होता. परवा पाठाच्या नोंदवहीवर ती त्याने तारीख टाकत होती. बोटं जिथे टेकतात तिथे तो मधाळ झाला आहे. टोपणाखालचा भाग अजून ढलप्यांच्या रंगाचाच आहे. अम्मीने टोपण काढून तेवढं तपासून घेतलं.